जुनी गाडी, नवा मालक आणि न पोहोचलेले पत्र

गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात एक प्रश्न वारंवार विचारला जातो. वरवर पाहता त्याचा वैद्यकशास्त्राशी काही संबंध नाही. वडिलांचा रक्तदाब मोजून होतो, गोळ्या लिहून दिल्या जातात, आणि उठता उठता मुलगा म्हणतो, “डॉक्टर, एक सात आसनी गाडी बघून ठेवली आहे. जुनी आहे, पण चांगली आहे. घ्यावी का?”

हा प्रश्न डॉक्टरकडे का येतो, हे मला आता उमगले आहे. कोकणातल्या आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी मोठी गाडी केवळ हौसेपोटी घेतली जात नाही. आजीच्या गुडघ्यांना एसटीची पायरी झेपेनाशी झालेली असते. आजोबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायचे असते. सुनेचे दिवस भरत आलेले असतात. नवी गाडी आवाक्याबाहेर असते, म्हणून जुनी शोधली जाते. म्हणजे जी गाडी घरातील सर्वांत नाजूक माणसांसाठी घ्यायची, तीच दुसऱ्याने वापरलेली असते. त्यामुळे हा विषय कुटुंबाच्या आरोग्याचाच आहे, असे मी मानतो.

जुनी गाडी घेताना प्रत्येक जण एकच गोष्ट विचारतो, “त्रास देणार नाही ना?” गॅरेजवाला इंजिनाचा आवाज ऐकतो, धूर पाहतो, गाडी एक फेरी चालवून आणतो आणि सांगतो, “खणखणीत आहे.” त्याचे म्हणणे बहुधा खरेही असते. पण त्रास न देणारी गाडी आणि सुरक्षित गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्हा डॉक्टरांना हा फरक रोज भेटतो. ‘मला काही होत नाही’ असे सांगणाऱ्या माणसाचा रक्तदाब १८० निघतो. त्याला वर्षानुवर्षे काही जाणवलेले नसते, आणि जेव्हा जाणवते तेव्हा अर्धांगवायूचा झटका आलेला असतो. गाडीतही असे मूक दोष असतात. दहा वर्षे रोज विनातक्रार चालणाऱ्या गाडीत ते दडलेले असू शकतात, आणि नेमके अपघाताच्या क्षणी प्रकट होतात.

असा दोष कंपनीच्या ध्यानात आला की ती त्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावते. यालाच ‘रिकॉल’ म्हणतात. औषधांच्या बाबतीत ही पद्धत आपल्याला ठाऊक आहे. एखाद्या औषधाच्या विशिष्ट बॅचमध्ये खोट आढळली की तेवढीच बॅच दुकानांतून परत मागवली जाते. औषधाच्या वेष्टनावर जसा बॅच नंबर, तसा गाडीला चॅसिस नंबर असतो. आजच्या गाड्यांत तो १७ अक्षरांचा आणि अंकांचा असतो. तो आरसी बुकावर छापलेला असतो आणि गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला असतो. कोणती गाडी परत बोलावली आहे, हे त्या नंबरावरून ठरते.

या मूक दोषाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅग. अपघात होताच एअरबॅग डोळ्याचे पाते लवण्याआधी फुगावी लागते. त्यासाठी धातूच्या एका लहान डबीत रसायन पेटवून वायू निर्माण केला जातो. ताकाताने त्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरले, आणि अनेक डब्यांत ओल शोषून घेणारा पदार्थ घातला नाही. उष्णता, दमट हवा आणि रोजच्या तापमानातील चढउतार यांमुळे वर्षानुवर्षे ते रसायन बिघडत जाते, मग प्रमाणाबाहेर वेगाने जळते, डबी फुटते आणि तिचे तुकडे समोरच्या माणसाच्या चेहऱ्यात व मानेत घुसतात. फ्लोरिडात २०१४ मध्ये अशा अपघातात मरण पावलेल्या एका महिलेच्या मानेवरील जखमा पाहून तपास करणाऱ्यांना आधी चाकूहल्ल्याचा संशय आला होता. एकट्या अमेरिकेत या दोषाने २५ हून अधिक माणसांचा बळी घेतला. तेथे सुमारे ६ कोटी ७० लाख डब्या परत बोलावण्यात आल्या. फ्लोरिडासारखे उष्ण आणि दमट प्रदेश तेथे सर्वाधिक जोखमीचे ठरवले गेले. आपली कोकणपट्टी उष्ण आणि दमट आहे, हे मी वेगळे सांगायला नको. भारतातही होंडाने २०१६ मध्ये याच कारणासाठी १ लाख ९० हजारांहून अधिक जुन्या गाड्या परत बोलावल्या होत्या.

तेथील कौटुंबिक मिनीव्हॅनही यातून सुटल्या नाहीत. २००२ ची होंडा ओडिसी ही त्यांपैकी एक. त्या काळातील होंडाच्या काही गाड्यांमधील डब्या चाचणीत ५० टक्क्यांपर्यंत फुटू शकतात, असे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा विभागाने २०१६ मध्ये जाहीर केले आणि दुरुस्तीपूर्वी त्या गाड्या चालवू नका, असे सांगितले. त्याच वर्षी टोयोटाने सिएना मिनीव्हॅन परत बोलावल्या, कारण त्यांचे सरकते दार चालत्या गाडीत उघडण्याचा धोका होता. २०१७ मध्ये होंडाने सुमारे ८ लाख ओडिसी बोलावल्या. त्यांच्या दुसऱ्या रांगेतील आसन नीट अडकले नाही तर ब्रेक लावताच पुढे कलंडू शकत होते. यांतला एकही दोष इंजिनाचा नाही, हे लक्षात घ्या. दार, आसन आणि एअरबॅग यांतले हे दोष आहेत. मुले आणि वडीलधारी माणसे जेथे बसतात, नेमके तेथले.

आपल्याकडे मारुतीने सप्टेंबर २०२१ मध्ये एर्टिगासह काही मॉडेलच्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिट तपासण्यासाठी बोलावल्या. भाग बदलेपर्यंत पाणी साचलेल्या रस्त्यावर गाडी नेऊ नका, असेही तेव्हा सांगितले होते. पावसाळ्यात आपल्याकडे ही सूचना किती मोलाची ठरते, पाहा.

आता खरी मेख सांगतो. रिकॉलचे पत्र, एसएमएस किंवा फोन कोणाला जातो? कंपनीच्या दप्तरी ज्याचे नाव आणि नंबर आहे, त्याला. म्हणजे बहुधा पहिल्या मालकाला. त्याने गाडी विकली, घर बदलले, सिमकार्ड बदलले, तर ते पत्र कोठेतरी पडून राहते. गाडी मात्र तुमच्या अंगणात उभी असते.

कायदा काही प्रमाणात आपल्या पाठीशी आहे. भारतात २०१२ पासून कंपन्या स्वेच्छेने रिकॉल जाहीर करू लागल्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि त्यानुसार १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा आणि १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार त्यामुळे सरकारला मिळाला. पण हे नियम ७ वर्षांच्या आतील गाड्यांसाठी आहेत. आपण घेतो त्या गाड्या पुष्कळदा त्याहून जुन्या असतात. म्हणून चौकशी आपण स्वतःच करायला हवी.

माझे एक रुग्ण शिक्षक आहेत. त्यांचे वडील डायलिसिसवर आहेत. गेल्या पावसाळ्यापूर्वी त्यांनी मुंबईच्या एका गृहस्थांची बारा वर्षे जुनी गाडी पसंत केली. एकच मालक, गाडी कमी चाललेली, गॅरेजवाल्याचीही पसंती. मी त्यांना एवढेच म्हणालो, “सर, आगाऊ रक्कम देण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर चॅसिस नंबर टाकून पाहा.” दुसऱ्या दिवशी ते चिंताक्रांत होऊन आले. पुढच्या डाव्या आसनाच्या एअरबॅगचा रिकॉल निघालेला होता आणि दुरुस्ती झालेली नव्हती. विकणाऱ्या गृहस्थांना त्याचा पत्ताच नव्हता. कंपनीकडे त्यांचा निवृत्तीपूर्वीचा, कार्यालयाचा फोन नंबर होता.

डायलिसिसनंतर थकलेल्या आजोबांना मधल्या रांगेत चढवत नाही. ते पुढेच, डावीकडे बसणार होते.

“म्हणजे गाडी खोटी निघाली,” सर म्हणाले. घरातल्यांचेही मत व्यवहार मोडावा असेच होते. मी त्यांना सांगितले ते तुम्हालाही सांगतो. रिकॉल हा गाडीला लागलेला कलंक नव्हे. निदान झालेला आणि उपचार घेतलेला रुग्ण हा निदानच न झालेल्या रुग्णापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो. दोष सापडला आहे, त्यावर उपाय ठाऊक आहे, आणि तो मोफत आहे, मग गाडी दुसऱ्या मालकाची असो वा तिसऱ्या. सरांनी विकणाऱ्याला आधी दुरुस्ती करून घ्यायला सांगितले. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये अर्ध्या दिवसात भाग बदलून मिळाला. त्याची लेखी नोंद हाती आल्यावर मगच व्यवहार झाला. आज आजोबा त्याच आसनावर बसून डायलिसिसला जातात.

गाडी घेण्यापूर्वी एवढे अवश्य करा. चॅसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासा. आरसी बुकावरील आणि गाडीवरील नंबर एकच आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. व्यवहार होताच फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर करून घ्या, आणि कंपनीच्या दप्तरीही आपले नाव व मोबाईल नंबर नोंदवा. नाहीतर पुढचे पत्रही जुन्याच पत्त्यावर जाईल.

चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो विझला नाही तर यंत्रणेत बिघाड आहे, आणि मुळीच लागला नाही तर संशय घ्या. अपघातात उडालेली एअरबॅग न बदलता दिवा बंद करून ठेवणारेही असतात. अमेरिकेत लास व्हेगास येथे २०१७ मध्ये एका तरुणीच्या मानेला गंभीर इजा झाली, ती अशाच हातचलाखीमुळे. तिच्या जुन्या गाडीत भंगारातील दुसऱ्या गाडीची ताकाता एअरबॅग बसवलेली होती. तिला किंवा घरच्यांना याची कल्पना नव्हती.

पुरातली गाडीही ओळखायला शिका. जुलै २००५ आणि जुलै २०२१ चे पूर चिपळूणकर विसरलेले नाहीत. पाण्यात बुडालेली गाडी धुऊनपुसून चकचकीत करता येते, पण तारांच्या जोडांत शिरलेला गंज निघत नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. तळाशी गुंडाळलेल्या पट्ट्यावर मातीचे डाग असतील, आसनाखालचे स्क्रू गंजलेले असतील, गालिच्याला कुबट वास असेल, तर दुसरी गाडी पाहा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ‘३५१८’ म्हणजे २०१८ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबराचे वय होते.

शेवटी, कोण कोठे बसणार, याचाही विचार करा. प्रत्येक माणसाला स्वतंत्र, चालू स्थितीतील सीट बेल्ट हवा, मागच्या रांगेतही. समोर तोंड असलेल्या मागील आसनांवर तो कायद्याने बंधनकारक आहे. १४ वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा बालआसनात बांधणे हेही कायदा सांगतो. तान्ह्या बाळाचे मागे तोंड असलेले आसन एअरबॅगसमोर, म्हणजे पुढच्या जागेवर, कधीही ठेवू नका. फुगणारी एअरबॅगच त्या बाळाच्या जिवावर उठू शकते. जुन्या गाड्यांतील मागच्या आडव्या बाकांवर मुलांना बसवण्याचा मोह टाळा.

दसऱ्याला आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो. त्याच दिवशी वर्षातून एकदा चॅसिस नंबर पुन्हा तपासा, कारण आज निर्दोष असलेल्या गाडीचा रिकॉल उद्या निघू शकतो. पाच मिनिटांचे काम आहे.

आणि वाचकहो, आपल्यापैकी ज्यांनी आपली जुनी गाडी विकली आहे, त्यांना एक विनंती. त्या गाडीविषयी कंपनीचे पत्र, एसएमएस किंवा फोन आला, तर ‘आता आपला काय संबंध’ म्हणून सोडून देऊ नका. ज्याला गाडी विकली त्याला कळवा. त्या आसनावर आज कोण बसत असेल, हे आपल्याला ठाऊक नसते.