रियाजाला वाद्यच नाही

व्हायोलिन शिकायचं तर दुकानात व्हायोलिन मिळतं. कंडक्टर व्हायचं असेल तर रियाज कशावर करायचा? ऐंशी-नव्वद माणसं हेच त्याचं वाद्य, आणि तेवढी माणसं रोज घरी कोण बोलावणार? आरशासमोर हात हलवून फार तर खांदे दुखतात. मी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवते. समोरून पाहताना मला या पेशाची खरी अडचण हीच वाटते. बाकी हातवारे महिनाभरात जमतात.

झुबिन मेहतांनी यातून वाट कशी काढली ते पाहावं. वडील मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी उभी केली आणि पुढच्याच वर्षी झुबिन जन्मले. सोळाव्या वर्षी त्यांना वडिलांच्या वाद्यवृंदाची तालीम घ्यायला मिळाली. हे भाग्य, कर्तबगारी नव्हे. पण १९५४ साली डॉक्टरकीचं शिक्षण सोडून ते व्हिएन्नाला हान्स स्वारोव्स्कींकडे गेले, तिथून पुढचं सगळं त्यांचं स्वतःचं. डबल बास हे त्यांचं वाद्य. मोठ्या कंडक्टरांच्या तालमींना विद्यार्थ्यांना शिरकाव नसे, म्हणून ते आणि वर्गमित्र क्लाउदिओ अब्बादो चक्क गायकवृंदात भरती झाले. ब्रुनो वॉल्टर, कारायान त्यांनी असे समोरून पाहिले.

नेमकं काय पाहायचं असतं? बेथोव्हेनची पाचवी सिम्फनी घ्या. सुरुवातीला तीन पंचम आणि एक लांबलेला कोमल गंधार, हे सगळ्यांना ठाऊक. पण त्या तीन पंचमांच्या आधी छोटी विश्रांती लिहिलेली आहे. म्हणजे समेवर शांतता! कंडक्टरचा हात खाली येतो तेव्हा कुणीच वाजवत नाही. लय, जोर, सगळं आम्ही हात वर जातानाच वाचलेलं असतं. तिथे तो जरा घुटमळला की तीनाचे चार पंचम ऐकू आलेच म्हणून समजा. शिवाय व्हिएन्नासारखे जुने वाद्यवृंद हाताच्या किंचित मागून वाजवतात. नवखा कंडक्टर आवाजाची वाट बघत थांबतो, मग वादकही थांबतात आणि लय मंदावत जाते.

मेहतांची पुढची चढण भराभर झाली. १९५८ साली लिव्हरपूलच्या स्पर्धेत पहिला क्रमांक. मग माँट्रियलला मार्केविच आणि लॉस एंजेलिसला राइनर यांच्या जागी आयत्या वेळी उभं राहणं. लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदात न विचारता मेहतांना नेमलं म्हणून गेऑर्ग शोल्टींनी तिथलं पद सोडलं, आणि १९६२ साली सव्विसाव्या वर्षी मेहता तिथले प्रमुख झाले. न्यूयॉर्क आणि इस्रायलचे वाद्यवृंद नंतरचे.

आमच्याकडची मुलं विचारतात, कंडक्टर व्हायला कुठून सुरुवात करू? मी डबल बास शिकायला सांगते. मागे उभं राहून सगळा वाद्यवृंद दिसतो. शिवाय बासवाले आम्हाला कायमच कमी पडतात, तो माझा स्वार्थ.