मोटारीचे माहेर

श्रीमंती सांगायला आपल्या भाषेत पूर्वी हत्ती लागत असे. अमक्याच्या दारी हत्ती झुलतो, एवढे म्हटले की पुढचे काही सांगावे लागत नसे. हत्ती गेले, त्यांच्या जागी आता मर्सिडीज येऊन उभी राहिली आहे. लग्नाच्या बैठकीत कुणी हळूच "त्यांच्याकडे मर्सिडीज आहे हो!" असे म्हणाले की भोवतालच्या भुवया आपोआप वर चढतात. गाडीचे इंजिन केवढे, ती पळते किती, हे कुणी विचारीत नाही. तो तीन टोकांचा तारा पुरेसा असतो.

पण ही मर्सिडीज कोण? कारखान्याच्या मालकाचे हे आडनाव नव्हे की कुठल्या गावाचेही नाव नव्हे. ते एका दहा-अकरा वर्षांच्या मुलीचे नाव होते, आणि मौज अशी की मोटार घडवण्याशी त्या मुलीचा काडीइतकाही संबंध नव्हता. जिचा होता, जिच्या पैशावर आणि धाडसावर ही मोटार जगात चालती झाली, त्या बाईचे पाळण्यातले नाव मात्र गाडीवर कुठेही नाही. गेल्या उन्हाळ्यात जर्मनीच्या नैऋत्य कोपऱ्यात आम्ही उभयतांनी आठ दिवस काढले. त्यातले निम्मे मर्सिडीजसाठी खर्ची पडले आणि निम्मे या बाईसाठी.

हा सारा मुलूख नेकार नदीचा. स्टुटगार्टवरून वळणे घेत ती मानहाइमला येते आणि तेथे ऱ्हाइनला मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या एकाच नदीच्या काठी दोन माणसे बिनघोड्याच्या गाडीचा ध्यास घेऊन बसली होती. खालच्या अंगाला मानहाइमात कार्ल बेंझ आणि वरच्या अंगाला स्टुटगार्टजवळच्या कान्स्टाट गावी गॉटलीब डाइमलर. दोघांत शंभरेक किलोमीटरचे अंतर. पण त्यांची आयुष्यात एकदाही भेट झाली नाही, असे म्हणतात.

आमचा मुक्काम प्रथम मानहाइमला पडला. या शहराच्या मध्यभागातील रस्त्यांना नावेच नाहीत! बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन पाडले आहेत आणि प्रत्येक चौकोनाला एक अक्षर व एक आकडा दिला आहे. 'टी ६' या चौकोनात कार्ल बेंझची कार्यशाळा होती. ती उभी राहिली, पण सुरुवातीलाच भागीदाराशी पटेना. त्याला वाटेला लावायचा तर पैसा हवा, आणि बेंझपाशी पैसा नव्हता. त्या वेळी त्याच्या वाग्दत्त वधूने आपल्या वाट्याचे धन लग्नाआधीच उचलून त्याच्या हाती ठेवले. ही बर्टा रिंगर. १८७२ साली ती बर्टा बेंझ झाली. आपण ज्याला स्त्रीधन म्हणतो, त्यावर मोटारीचा पाया घातला गेला तो असा.

बर्टाच्या जन्माची एक हकीगत सांगतात. १८४९ साली ती जन्मली, तेव्हा तिच्या वडिलांनी घरच्या बायबलात नोंद केली की दुर्दैवाने पुन्हा मुलगीच झाली. मोठेपणी ती नोंद तिच्या वाचनात आली. हे ऐकताना आमच्या सौ.नी माझ्याकडे असे काही पाहिले, की जणू ते वाक्य मीच लिहिले होते!

१८७९ च्या वर्षअखेरच्या रात्री बेंझचे पहिले इंजिन सुरळीत चालले, आणि ते ऐकायला बर्टा त्याच्याजवळ उभी होती. पुढे २९ जानेवारी १८८६ रोजी त्याने आपल्या तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. एक सिलिंडर, पाऊण अश्वशक्ती आणि ताशी सोळा किलोमीटरांचा वेग, एवढाच तिचा जीव. पण गाडी तयार झाली तरी गिऱ्हाईक फिरकेना. लोक हसत, घोडे बुजत. बेंझ पडला हाडाचा कारागीर. त्याचे आपले एकच, अजून थोडी सुधारणा करू, मग बघू. अशा नवऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे बर्टाने ओळखले असावे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये, मुलांना सुट्टी असताना, एके दिवशी पहाटे नवरा झोपेत असतानाच तिने ऑयगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना उठवले, गाडी बाहेर काढली आणि वाट धरली. कुठली? फोर्त्सहाइमची. तेथे तिची आई राहत होती.

वाचकहो, जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास ना राजाने केला, ना सेनापतीने, ना शर्यतबाजाने. एक बाई दोन मुलांना घेऊन माहेरी निघाली होती, तो हा प्रवास!

त्या वाटेला २००८ पासून अधिकृतपणे बर्टा बेंझचे नाव दिले आहे. जाऊनयेऊन १९४ किलोमीटर. जागोजाग पाट्या लावल्या आहेत. माझा एक जुना विद्यार्थी तिकडे नोकरीला असतो; त्याने आम्हांला त्या वाटेने नेले. "सर, गाडी मर्सिडीज नाही हं," असे त्याने आधीच सांगून टाकले. वाटेत द्राक्षांचे मळे, लाल कौलांची गावे आणि चढउतारांचे रस्ते लागतात. आम्ही वाटेत थांबत, रमतगमत, दुपारपर्यंत पोचलो. बर्टाला पहाटेपासून तिन्हीसांजेपर्यंतचा दिवस लागला, आणि त्या दिवसात तिने काय काय केले हे ऐकण्यासारखे आहे.

इंधन संपत आले तेव्हा ती वीस्लोख गावच्या औषधाच्या दुकानात शिरली. त्या काळी गाडीला लागणारे लिग्रोइन हे द्रव कपड्यांवरचे डाग काढायला वापरीत, आणि ते औषधवाल्याकडेच मिळे. ते दुकान जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणून आज मिरवते आहे. पुढे इंधनाची नळी तुंबली. ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली. तिच्यावर पायमोज्याचा बंद गुंडाळला. साखळी कुरकुरू लागली तेव्हा लोहाराला गाठले. उतारावर ब्रेकचे लाकूड झिजले, तर एका चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. आणि चढ आला की मुले खाली उतरून गाडी ढकलीत. अंधार पडता पडता ती फोर्त्सहाइमला पोचली आणि तेथून तिने नवऱ्याला तार केली.

"माहेरी जायचे म्हटल्यावर बाईला चढ लागत नाही," सौ. म्हणाल्या. विद्यार्थी बिचारा हसू दाबून रस्त्याकडे पाहत राहिला.

काही दिवसांनी बर्टा त्याच गाडीने परत आली, आणि आल्यावर तिने नवऱ्याला सुधारणा सांगितल्या. चढासाठी आणखी एक गिअर हवा. ब्रेकला चामड्याचे अस्तर हवे. बंद खोलीत वर्षानुवर्षे बसून जे उमगले नसते, ते एका दिवसाच्या धुळीने शिकवले. त्याच वर्षी म्यूनिकच्या प्रदर्शनात बेंझच्या गाडीला सुवर्णपदक मिळाले.

फोर्त्सहाइम हे सोनारकामासाठी नावाजलेले गाव. परंतु बर्टाने पाहिलेले गाव शोधू गेलात तर सापडणार नाही. २३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री विमानांनी ते भाजून काढले; सुमारे सतरा हजार माणसे मेली. आज दिसतात त्या बहुतेक इमारती नंतरच्या. रस्त्याला नाव राहिले, माहेर जळून गेले.

तेथून आम्ही स्टुटगार्टला आलो. १९६८ पासून हे मुंबईचे भगिनीशहर आहे, हे तेथे गेल्यावर उगाचच बरे वाटते. कान्स्टाटच्या एका बागेत डाइमलरची कार्यशाळा जपून ठेवली आहे. बंगल्याच्या आवारातले हे काचघर. त्यात डाइमलर आणि त्याचा सहकारी विल्हेल्म मायबाख दार लावून रात्रंदिवस काम करीत. घरच्या माळ्याला संशय आला की हे खोटी नाणी पाडतात! त्याने पोलिसांना वर्दी दिली. पोलीस आले आणि त्यांना सापडली ती नुसती इंजिने.

मर्सिडीजचे नाव आले ते डाइमलरच्या अंगाने. एमिल येलिनेक नावाचा ऑस्ट्रियन व्यापारी फ्रान्समधील नीस येथे धनिकांना डाइमलर गाड्या विकत असे. शर्यतीत उतरताना तो आपल्या मुलीचे, मर्सिडीजचे, नाव घेई. १९०० साली त्याने छत्तीस गाड्यांची मागणी नोंदवली. अट एवढीच, की नव्या इंजिनाला तिचे नाव द्यावे. मायबाखने घडवलेल्या त्या पस्तीस अश्वशक्तीच्या गाडीने १९०१ च्या मार्चमध्ये नीसच्या शर्यती जिंकल्या, आणि नाव जे चिकटले ते चिकटलेच. १९०३ साली खुद्द येलिनेकने आपले आडनाव बदलून येलिनेक-मर्सिडीज केले. बापाने मुलीचे नाव लावल्याचे उदाहरण आपल्याकडे तरी शोधूनच काढावे लागेल!

ताऱ्याचीही कथा अशीच घरगुती. डाइमलरने एकदा बायकोला पाठवलेल्या पत्रातल्या चित्रावर आपल्या घराच्या जागी तारा काढला होता. तो पुढे त्याच्या मुलांना आठवला. १९०९ साली तीन टोकांचा तारा नोंदवला गेला. टोके जमीन, पाणी आणि आकाश यांची. पहिल्या महायुद्धानंतर मंदीने दोन्ही कारखान्यांचे कंबरडे मोडले, तेव्हा १९२६ साली ते एकत्र आले आणि डाइमलर-बेंझ कंपनी जन्मली. गाडीचे नाव झाले मर्सिडीज-बेंझ.

कंपनीचे संग्रहालय २००६ मध्ये उघडले. लिफ्टने थेट वरच्या मजल्यावर जायचे आणि गोल उतरणीने शतक-सव्वाशतक खाली यायचे. वर पोचताच समोर उभा असतो, मोटार नव्हे, एक पांढरा घोडा! त्याच्यापासून सुरुवात करून एकशेसाठ गाड्या पाहत आपण खाली येतो. राजेरजवाड्यांच्या, शर्यतीच्या आणि फायर ब्रिगेडच्याही.

मध्येच एका वळणावर पाय अडखळतात. येलिनेक हा व्हिएन्नाच्या एका नामांकित ज्यू धर्मगुरूचा मुलगा. त्याच्या लेकीचे नाव ज्या गाडीवर होते, तीत उभा राहून हिटलर सलाम घेत असे. १९४४ साली या कंपनीच्या साठ हजारांहून अधिक कामगारांपैकी जवळजवळ निम्मे युद्धकैदी, छळछावण्यांतले बंदी आणि परदेशांतून आणलेले वेठबिगार होते. पुढे १९८८ साली कंपनीने या प्रकरणी दोन कोटी मार्कांची रक्कम दिली. संग्रहालयाने हे झाकून ठेवलेले नाही. वैभवाची कथा सांगताना हे पान फाडून टाकणे सोपे होते.

मग या गाडीची मोहिनी कशात? चकाकीत आहेच, पण तेवढ्यावर शंभर वर्षे कुणी टिकत नाही. येथे बेला बारेन्यी नावाचा अभियंता होता. गाडी जितकी कणखर तितकी सुरक्षित, असा पूर्वी समज असे. त्याने सांगितले की टक्कर झाली तर गाडीची पुढची-मागची अंगे चुरगळू द्या. धक्का त्यांत जिरेल आणि मधली माणसांची जागा शाबूत राहील. १९५९ साली त्या बेताची गाडी बाजारात आली. १९७८ मध्ये एकदम ब्रेक दाबला तरी चाके न अडकण्याची युक्ती बॉश कंपनीच्या साह्याने या गाड्यांत आली. आता ती साध्या गाड्यांतूनही असते. श्रीमंताच्या गाडीतली सोय अशी हळूहळू सामान्यांच्या दारी येते.

आपल्या देशाला हा तारा प्रथम दिसला तो मात्र श्रीमंताच्या दारी नव्हे. १९५४ साली टाटांनी डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला मालमोटारी बनू लागल्या. कांदे आणि सिमेंटची पोती वाहत हा तारा घाटाघाटांतून फिरला. १९६९ साली करार संपला आणि ताऱ्याच्या जागी 'टी' आला. पुढे १९९५ पासून पुण्याजवळ पिंपरीला मर्सिडीज मोटारी तयार होऊ लागल्या; २००९ मध्ये चाकणला स्वतंत्र कारखाना उघडला. संग्रामदुर्ग आणि कांद्याचा बाजार यांसाठी ठाऊक असलेले चाकण असे या कथेत येऊन बसले.

शेवटचा दिवस आम्ही लाडेनबुर्गला घालवला. मानहाइमजवळचे हे नेकारकाठचे टुमदार गाव. बेंझ दांपत्य उतारवयात येथे राहिले. कार्ल १९२९ साली येथेच गेला. बुडत्या काळात आपल्यापाशी एकटी बर्टा उभी राहिली, हे त्याने आत्मचरित्रात मोकळ्या मनाने सांगितले आहे. तो ज्या कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यालयात शिकला, तेथे बर्टाच्या तरुणपणी मुलींना प्रवेश नव्हता. त्याच विद्यालयाने तिच्या पंचाण्णवाव्या वाढदिवशी, ३ मे १९४४ रोजी, तिला सन्मान्य सदस्यत्व दिले. ५ मे रोजी तिने डोळे मिटले. कदर झाली, पण दोनच दिवस तिच्या वाट्याला आली.

मर्सिडीज-बेंझ या नावातले पाळण्यातले नाव दुसऱ्याच्या मुलीचे आणि आडनाव नवऱ्याचे. घर उभे करणाऱ्या कितीतरी बायकांचे नाव दारावरच्या पाटीवर असे दिसत नाही. या दिवाळीत भाऊबीजेसाठी असंख्य लेकी मोटारीने माहेरची वाट धरतील. कुणी भाड्याच्या गाडीत, कुणी स्वतः चालवीत. गाडी कुठलीही असो, या वाटेवरची पहिली प्रवासिनी बर्टा बेंझ होती, एवढे निघताना मुलांना जरूर सांगावे.