धरणाखालचा गळ

मराठीत गळ टाकतातही आणि घालतातही. टाकतात तो माशाला, घालतात ती माणसाला. पहिल्यात फसवणूक आहे, दुसऱ्यात अजीजी, आणि माणसाचा सारा जन्म या दोहोंच्या मधे जातो. लेकरू बापाला गळ घालतं, मलाबी धरणाखाली न्या म्हणून. तेच पुढं पीककर्जासाठी सोसायटीच्या सेक्रेटरीला गळ घालतं, कधी दामदुपटीच्या स्कीमच्या गळाला लागतं, आणि म्हातारपणी शहरातल्या लेकाला गळ घालतं, दिवाळीला तरी ये. या साऱ्यांत एकच गळ असा आहे की ज्याची दोरी आपल्या हातात असते आणि आमिष कुणी लावलं याबद्दल शंका नसते. हिंगोली जिल्ह्यात तो शिकायची जागा म्हणजे औंढा तालुक्यातल्या सिद्धेश्वर धरणाच्या खालचं पूर्णेचं पात्र, आणि शिकवणारे मासे म्हणजे मांगूर आणि शिंगाळा. (कुणी त्याला शिंगाडाही म्हणतं, उपवासाला चालतो तो वेगळा.) माझं म्हणणं एवढंच की लेकरांना तिथं न्यावं. जाणत्या माणसानं न्यावं आणि शेजारी बसावं. ‘धरणाकडं फिरकायचं नाही’ असं दरडावून मोकळं होण्यात जास्त धोका आहे.

गावाशेजारचा ओढा सोडून धरणच का, हा प्रश्न रास्त आहे. ओढा उन्हाळ्यात कोरडा पडतो हे एक कारण झालं. मोठं कारण असं की आजची पूर्णा समजायची तर धरणाखालीच समजते. अजिंठ्याच्या डोंगरात उगवलेली ही नदी बुलढाण्यात खडकपूर्णा म्हणून अडते, जिंतूर तालुक्यात येलदरीला अडते, तिथून खाली सिद्धेश्वरला पुन्हा अडते, आणि मग उरलीसुरली गोदावरीला जाऊन मिळते. येलदरीत ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं आणि तिथल्या वीजघराची क्षमता साडेबावीस मेगावॅट आहे. वीज करून सुटलेलं पाणी सिद्धेश्वरच्या जलाशयात येतं आणि तिथून कालव्यानं वसमतकडच्या शिवारात जातं. सिद्धेश्वरचा एकूण साठा अडीचशे दशलक्ष घनमीटरच्या आसपास, त्यातला जेमतेम ८१ जिवंत. बाकीचा कालव्याच्या तोंडाखाली राहतो म्हणून कागदोपत्री ‘मृत’. मासे जन्म काढतात ते याच मृत साठ्यात, पण तो शब्द ठरवताना त्यांना कोण विचारणार? तर अशा नदीला उन्हाळा-पावसाळा असतो तो अर्धाच. बाकी तिला पाणीपाळी असते, दारं असतात, वरून आलेला आदेश असतो. आज घोट्याएवढं असलेलं पाणी उद्या छातीएवढं का झालं याचं उत्तर आभाळात शोधून सापडत नाही. आजोबांना नदी पाहून कळायची. नातवाला तीच नदी वेगळ्या तऱ्हेनं शिकावी लागणार आहे.

धरणाखाली मासे फार, असं सगळेच सांगतात. ते खरं आहे, पण त्यातून जी समजूत होते ती खोटी आहे. पहिल्या पावसात नदीला नवं पाणी आलं की मासे प्रवाहाच्या उलट चढायला लागतात, अंडी घालायला उथळ जागा शोधत. चढता चढता वाटेत भिंत येते. माशांना वर जायला जिना आपल्याकडच्या धरणांना सहसा नसतोच. तहसीलचं दार बंद असलं की बाहेर जशी गर्दी साचते, तशी ही माशांची गर्दी. कुणी ती पाहून ‘केवढी सुबत्ता’ म्हणालं तर हसावं की रडावं? त्यात दारांतून खाली आदळलेले, अर्धमेले झालेले बारके मासे येतात आणि त्यांच्यावर टपलेले शिंगाळ्यासारखे शिकारी. लेकराच्या गळाला इथं चटकन मासा लागतो त्यात त्याच्या हुशारीचा वाटा थोडा, भिंतीचा जास्त. ही गोष्ट त्याला पहिल्याच माशाच्या वेळी सांगितली पाहिजे. नाहीतर ते मासे धरायला शिकेल आणि नदीबद्दल मात्र चुकीचं काही शिकून घरी जाईल.

आता मांगूर आणि शिंगाळाच का. रोहू-कटल्यासारखे या माशांना खवले नसतात. अंग बुळबुळीत, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या. या मिशांवर चव घेणारे सूक्ष्म अवयव असतात, त्यामुळे गढूळ पाण्यात, अंधारात, तळाशी हा मासा जणू जिभेनंच चालतो. मांगूर तर वरची हवासुद्धा घेतो. कल्ल्यांच्या वर त्याला झाडाच्या फांद्यांसारखा एक जादा अवयव असतो, म्हणून डोह आटून चिखल उरला तरी तो तग धरतो. शिंगाळा नदीच्या तळात खळगा करून त्यात अंडी घालतो आणि पिल्लांची राखण करतो. असा मासा धरायचा तर डोळ्यांचा काही उपयोग नाही. तरंगणारं बूच पाहत बसायचं काम नाही. तंगूस तर्जनीवरून सोडायचा, वजनाला एक नट बांधायचा, गांडूळ लावून गळ तळाला टेकू द्यायचा आणि बोट हलकं ठेवायचं. आधी एक खरखर येते, ती बहुतेकदा दगडाची. मग टकटक, ती बारक्या माशांची. ते आमिष कुरतडून पळतात. शिंगाळ्याची ओढ निराळी असते. ती हळूच सुरू होते आणि थांबत नाही, कुणी बोट धरून चालायला लागावं तशी. तिथं घाई करून हिसका दिला की गेलं. आठ वर्षांच्या पोराला एका संध्याकाळी या तीन हालचालींतला फरक बोटानं कळतो, तो शब्दांनी सांगायला गेलं तर तास पुरत नाही. वर काढल्यावरही धडा संपत नाही. पंखांचे करवती काटे मासा ताठ करून जाम करतो. ते हाताला बसले तर अंगठ्यापासून कोपरापर्यंत ठणका. वसमतची हळद जवळच असते आणि लोक ती लावतातही, पण उतार पडतो तो हात सोसवेल इतक्या कढत पाण्यात बुडवून धरल्यानं, कारण त्या काट्याचं विष उष्णतेनं मोडतं. जखम खोल असली तर दवाखाना.

पहिला आक्षेप जिवाचा, आणि तो हलका नाही. दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात. पण त्या बहुधा मोठ्यांची नजर चुकवून पोहायला गेलेल्या पोरांच्या असतात. बंदी घातल्यानं पोरं थांबत नाहीत, फक्त मोठी माणसं सोबत नसतात. पाटबंधारे खातं नदीकाठच्या गावांना इशारा देतं तो क्युसेकमध्ये, आणि तो आकडा बहुतेकांच्या डोक्यावरून जातो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरहून थोडं जास्त. दहा हजार क्युसेक सुटले म्हणजे दहा हजार लिटरचे २८ टँकर, दर सेकंदाला. मराठवाड्यातल्या लेकराला टँकर समजवावा लागत नाही. एवढा हिशेब त्यानं स्वतः केला की भोंगा वाजल्यावर ‘थांब, एवढा मासा काढतो’ असं ते म्हणणार नाही. दारांच्या अगदी खाली बसूच नये. तिथलं पाणी वर उसळून पुन्हा भिंतीकडं ओढतं, आणि पट्टीच्या पोहणाऱ्याचंही त्यात काही चालत नाही. पावसाळ्यात दारं उघडी असताना तर तिकडं जायचंच नाही. हे सगळे नियम घरी बसून पाठ करता येतात, पटतात मात्र काठावर.

दुसरा आक्षेप अवघड आहे. नामदेवांची नरसी याच जिल्ह्यात, त्यांना विसोबा खेचर भेटले ते औंढा नागनाथही इथलंच. माळकरी घरात गळ म्हणजे पाप. ज्या मातीत नाथपंथाचा इतका वावर, तिथं मच्छिंद्रनाथांची कथाही सगळ्यांना ठाऊक असते: शंकर पार्वतीला ज्ञान सांगत होते आणि पाण्यातल्या माशाच्या पोटातून कुणीतरी हुंकार दिला. कथेला पुरावा लागत नाही, तरी सांगायला हरकत नाही की या माशांना ऐकू फार चांगलं येतं. पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारक्या हाडांची साखळीच असते. गळ टोचतो, मासा तडफडतो, हे खोटं नाही आणि लेकरापासून लपवूही नये. ज्याला ते सोसवत नाही त्यानं दोरी ठेवून द्यावी. त्याला भित्रा म्हणायचं कारण नाही. पण जे खातात त्यांच्या लेकरांनी मासा फक्त बाजारात तुकडे झालेला पाहावा, यात कसली दया? हातानं धरलेला एक मासा पटकन मारणं आणि बारका परत सोडणं, याला निदान मोजमाप आहे. पाण्यात जिलेटिनचा बार उडवणाऱ्याला ते नसतं. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासूनच मनाई आहे, तरी कायद्याच्या वयाकडं पाहून कुणी भीत नाही. देशी मांगूर तर आता जगाच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे. मग पिशवीत किती न्यायचे हा प्रश्न लेकरालाच विचारावा. त्याचं उत्तर बहुतेक आपल्याहून कमी येतं.

आणि भोई समाजाचं काय? जलाशय मच्छीमार संस्थांकडं ठेक्यानं असतात. कटला, रोहू, मृगळची बोटुकली पैसे मोजून सोडलेली असते. त्यावर गंमत म्हणून कुणी हात मारावा हे बरं नाही. म्हणून आधी विचारावं, जाळ्याच्या वाटेत बसू नये, आणि सोडलेल्या जातीचा मासा लागला तर परत पाण्यात. विचारायला गेलं की आणखी एक फायदा होतो: कुठल्या डोहात काय आहे, कुठला दगड निसरडा आहे, हे तिथं फुकटात कळतं. या बाबतीत पुस्तकं आणि मी दोघंही त्यांच्यापुढं कच्चे.

फाल्गुनानंतरची एखादी संध्याकाळ, दारं बंद, पाणी निवळ. बसण्याआधी पाण्याच्या कडेला, अगदी रेषेवर, मुठीएवढा कोरडा दगड ठेवायचा आणि लेकराला सांगायचं, मासा मी पाहतो, तू दगड पाहा. थोड्या वेळानं त्याचं लक्ष तंगूसाकडंच जातं, साहजिक आहे. मग पुन्हा सांगायचं. कधीतरी दगडाचा खालचा भाग काळा पडतो, ओल वर चढायला लागते, आणि त्या वेळी नेमकी बोटावर ती न थांबणारी ओढ सुरू झालेली असते. तंगूस तिथंच तोडायचा, पिशवी उचलायची आणि चढण चढायला लागायचं.