हातचा एक

जुन्या महिंद्र जीपमध्ये पत्र्याच्या तळातून तीन दांडे वर आलेले असत. लांब दांडा नेहमीच्या गिअरचा. शेजारचे दोन ठेंगणे. एकाने पुढची चाकं इंजिनाला जोडली जात, दुसऱ्याने गाडी ‘लो’मध्ये पडे, म्हणजे वेग मरे आणि ओढ वाढे. या दोघांच्या मुठी नव्याकोऱ्या दिसत, कारण त्यांना सहसा कुणाचा हातच लागत नसे.

वडील पाटबंधारे खात्यात होते आणि आमचं बिऱ्हाड कोयनेच्या खोऱ्यात. पावसाळ्यात खात्याच्या जीपमध्ये मागच्या बाकड्यावर बसून मी कधीमधी त्यांच्याबरोबर जात असे. तांबड्या चिखलात चाकं घसरू लागली, की मला वाटे, आता तरी काका तो छोटा दांडा ओढतील. ड्रायव्हरकाका मात्र आधी लांब दांड्याशीच खटपट करत, थोडं मागे येत, बाजू बदलत. शेवटी अगदीच निभेनासं झालं, तर बिडी दातात धरून छोटा दांडा पुढे ढकलत आणि जीप गुरगुरत बाहेर येई. एकदा वडिलांनी विचारलं, आधीच का लावत नाही? काका म्हणाले, “साहेब, फोर-व्हील लावून रुतलो तर मग काय लावू?”

चिखलाच्या मुलखात हे धोरण बावनकशी होतं. महिंद्रने विलीज जीपची जुळणी मुंबईत 1947 मध्ये सुरू केली. त्यानंतर कितीतरी वर्षं सरकारी खात्यातला फोर-व्हील ड्राइव्ह म्हणजे असा हातचा राखलेला एक होता. गाडी चालायची मागच्या दोन चाकांवर, सुटायची चारांवर.

वाळूत हे गणित उलटं आहे, हे मला अबूधाबीला समजलं. विजेच्या मनोऱ्यांची आखणी करायचं काम होतं, लिवाच्या बाजूला. लिवा म्हणजे रब-अल-खालीच्या उत्तर काठावरची खजुराच्या बागांची कमान. तिच्या दक्षिणेला साडेसहा लाख चौरस किलोमीटरच्या आसपासचं वाळूचं राज्य सुरू होतं. आमच्याकडे टोयोटाची लँड क्रूझर पिकअप होती, 70 मालिकेतली. ही मालिका 1984 मध्ये निघाली आणि आजही बनते. ती चालवायला एक पठाण होते, सगळे त्यांना खानसाहेब म्हणत. डांबर संपलं तिथे त्यांनी गाडी थांबवली, खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या हबवरची चकती ‘लॉक’कडे फिरवली आणि मग एकेका टायरपाशी उकिडवे बसून व्हॉल्व्हवर खडा दाबून हवा सोडू लागले. आखणीची दुर्बीण मांडीवर घेऊन मी घड्याळ बघत होतो. “साब, पहले हवा, फिर गाडी,” एवढंच ते बोलले. पस्तीसची हवा पंधरावर आली तेव्हा टायरचं बूड थापलेल्या भाकरीसारखं पसरलं होतं. मग वर चढून त्यांनी छोटा दांडा ओढला. अजून एक फूटसुद्धा वाळू तुडवली नव्हती!

कारण सरळ आहे. गाडीचं वजन तेवढंच राहतं, हवा निम्मी झाली की ते वजन पेलायला टायरचा जवळपास दुप्पट भाग जमिनीला टेकतो. हा भाग रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढतो, म्हणून चाक वाळू न खणता तिच्यावरून सरकतं. उंटाचा पसरट, गादीदार पाय हेच काम करतो. उलट, नुसती मागची दोन चाकं ढकलत राहिली, तर पुढची दोन नांगराच्या फाळागत वाळूत घुसतात आणि मागची आपला खड्डा आपणच खणतात. वाळूत एकदा चाक फिरलं की भोक खोल होतं. नंतर छोटा दांडा लावणं म्हणजे खड्ड्यात चार चाकांनी खणणं. तेव्हा दांडा आधी आणि हातचा दुसरा काहीतरी राखायचा. खानसाहेबांचा हातचा हवेत होता. पंधरावर रुतलंच तर बारा, अगदीच अडलं तर दहा. त्याखाली गेलं तर वळताना टायर रिमवरून उतरायची भीती.

पुढे या विषयाचा नाद लागला तेव्हा राल्फ बॅग्नोल्ड भेटला, पुस्तकातून. हा ब्रिटिश लष्करी अधिकारी 1920 च्या दशकाच्या शेवटी आणि 1930 च्या दशकात इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात फोर्डच्या साध्या गाड्या घेऊन भटकला. टायरची हवा कमी ठेवणं, रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पन्हळी पट्ट्या सरकवणं, रेडिएटरमधली वाफ डब्यात थंड करून पाणी परत वापरणं, उन्हाच्या सावलीवर चालणारं होकायंत्र, हे सगळं त्याने आणि त्याच्या साथीदारांनी वापरून वापरून नीट केलं. मग मायदेशी परतून वाऱ्याच्या बोगद्यात वाळू उडवून टेकड्या कशा बनतात याचं पुस्तकही त्याने लिहिलं, 1941 मध्ये. महायुद्धात, 1940 ला, त्याने उभ्या केलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपने शत्रूच्या पिछाडीला शेकडो मैल वाळू तुडवली. मला त्यातला सगळ्यात आवडता तपशील हा, की त्यांच्या बहुतेक शेव्हरोले ट्रकना फोर-व्हील ड्राइव्ह नव्हता. मध्यंतरी फोर्डचे चारही चाकं ओढणारे ट्रक आले, पण ते जड होते आणि पेट्रोल ढोसत होते. 1942 मध्ये हे लोक परत दोन चाकांच्या शेव्हरोलेकडे वळले. ‘फोर बाय फोर असली की झालं’ म्हणणाऱ्याला मी हे आवर्जून ऐकवतो. ऐकणाऱ्याला राग येतो, तो भाग वेगळा.

स्वतःची गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा आम्ही दुबईत होतो आणि आमच्या मराठी कंपूत शुक्रवारच्या सुट्टीला वाळूवर जायची टूम निघाली होती. कंपूतल्या प्रत्येकाचं एक दैवत. एकजण निस्सानच्या पॅट्रोलवर फिदा, त्यातही 4.8 लिटरच्या सहा सिलिंडरवाल्या जुन्या पॅट्रोलवर. आखातात टेकड्यांवर जे नाव हिचं आहे ते दुसऱ्या कुणाचं नाही. अरब पोरं तिच्या इंजिनात काय काय कोंबून तल मोरीबच्या उंच भिंतीवर शर्यती लावतात. दुसऱ्याला जीप रँग्लर हवी: आखूड, पुढेमागे लोंबणारं काही नाही, नाक टेकडीला न टेकता चढणारी. मला स्वतःला टोयोटाची एफजे क्रूझर मनातून आवडली होती. पण आई साताऱ्याहून वर्षातून एकदा येत असे. त्या गाडीचं मागचं दार पुढचं उघडल्याशिवाय उघडतच नाही, आणि तिच्या गुडघ्यांना पायरीही उंच. शोरूममध्ये आईने गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाली, “चांगली आहे, पण मी घरीच बसेन.”

मग मित्सुबिशीची पजेरो आली, वापरलेली. डकार रॅली या गाडीने बारा वेळा जिंकली, त्यातल्या 2001 ते 2007 अशा सलग सात. विकणाऱ्याने हे सांगितलंच. रॅलीतली विजेती आणि दुकानातली यांच्यात रक्ताच्या नात्यापेक्षा आडनावाचाच संबंध जास्त असतो, हे तो सांगत नव्हता. तरी मी ती घेतली. इंजिन मध्यम, नाक थोडं लांब, म्हणून टेकडीच्या पायथ्याला आडवं-तिरकं जावं लागतं. पण वजन दोन टनांच्या आसपास. मोठ्या व्ही-एट गाड्या अडीच टनांच्या पुढे जातात आणि त्यांच्या जोरावर माणूस वाळू न वाचता कुठेही चढतो. रुतला की मात्र ते अडीच टन ओढायला बरोबरच्याच्या गाडीला घाम फुटतो. जोर हा पहिल्यांदा खर्च होणारा ऐवज आहे. हातचा म्हणून तो धरू नये. शिवाय ऑगस्ट 2015 मध्ये अमिरातीत पेट्रोलचे भाव मोकळे झाले आणि कंपूतल्या पॅट्रोलभक्ताची भक्ती थोडी विचारी झाली.

वाळू वाचायची म्हणजे काय, ते पजेरोने शिकवलं. वाऱ्याकडची बाजू लांब, सपाट, दाबलेली, तिच्यावरून गाडी चालते. आडोशाची बाजू साधारण 34 अंशांवर कोसळती, भुसभुशीत. तिच्यावरून सरळ खाली उतरायचं, तिरकं गेलं की कलंडण्याची सोय. पहाटे दव पडलेलं असताना तीच टेकडी घट्ट आणि दुपारी बारानंतर पिठूळ. ब्रेक दाबायचा नाही, गाडी आपोआप थांबू द्यायची, आणि शक्यतो उतारावर, तोंड खाली करून. सबखा, म्हणजे वरून पापुद्रा आणि खाली खारट चिखल, दिसला की मुकाट्याने वळायचं.

एकदा एक स्नेही नवी, महागडी गाडी घेऊन आले. कंपनीचं नाव घेत नाही. दांडा कुठेच नव्हता. एक गोल बटण होतं, ते फिरवलं की पडद्यावर उंट, डोंगर, बर्फ अशी चित्रं यायची. त्यांनी उंट लावला. टेकड्यांमधल्या पहिल्याच वाटीसारख्या खळग्यात गाडी बसली. चाक जरा फिरलं की गाडीतला संगणक इंजिनाचा गळा आवळत होता, आणि वाळूत तर चाक फिरणारच. तो संगणक बंद करायचं बटण शोधण्यात वेळ गेला. मग हवा सोडू म्हटलं, तर रिम एवढी मोठी, की टायरची भिंत चार बोटं. पंधरावर नेली तर रिमच टेकणार. ओढायला दोर बांधावा, तर हूक एका प्लॅस्टिकच्या झाकणामागे, आणि त्यात घालायचा आकडा डिकीतल्या सामानाखालच्या पेटीत. खोऱ्याने पोटाखालची वाळू उपसता उपसता ऊन डोक्यावर आलं. शेवटी कुणाच्या तरी जुन्या पिकअपने एका हिसक्यात काढली. स्नेही दिलदार, सगळ्यांना बिर्याणी दिली. त्या दिवसापासून कुणी गाडी दाखवायला आणली, की मी आधी रिम बघतो, मग हूक. सतरा-अठरा इंचांच्या वर मी चर्चाच करत नाही.

आणि एकटी गाडी न्यायची नाही. हे माझं मत नव्हे, तिथला अलिखित कायदा. त्यामुळे आपली गाडी निवडताना बरोबरच्याची गाडीही बघावी लागते: ती आपल्याला ओढेल का, आपण तिला? एकाच जातीच्या दोन असतील तर स्टेपनीही एकमेकींना चालते. या कसोटीवर आमच्या कंपूतली सगळ्यात हिणवली गेलेली पजेरो बऱ्यापैकी वर यायची. पॅट्रोलवाला हे अजून कबूल करत नाही.

आता पुण्यात असतो. पुतण्याने थार घ्यायची की जिम्नी, असा घोळ घातलाय. त्याला मित्रांबरोबर जैसलमेरच्या पुढे, सम गावाकडच्या टेकड्यांवर जायचंय. थार फोर-व्हीलवाली घेतली, तर दोन्हीत लो-गिअर आहे. थार दणकट, जोरकस. जिम्नी जेमतेम बाराशे किलोची. मारुतीची जुनी जिप्सी, 1985 मध्ये आलेली, हजार किलोच्या आतबाहेर होती आणि वाळूत तिला अजून मान आहे, म्हणून माझा कल जिम्नीकडे. पुतण्याचं मन थारवर, आणि खरं कारण रंग आहे. घे म्हटलं. फक्त तिकडे डेझर्ट नॅशनल पार्कची हद्द आधी नीट विचारून घे, त्या गवतात माळढोक अंडी घालतो आणि आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला तो आता दिसला तरी बातमी होते.

मग त्याने विचारलं, स्नॉर्केल बसवू का, छतावर लाइटचा बार लावू का, टायर मोठे टाकू का? मी म्हटलं, टायर कंपनीचेच राहू दे. हवा मोजायचं एक चांगलं गेज घे, एक लांब दांड्याचं खोरं घे, पंचवीस फुटांचा दोर घे, आणि दुसरी गाडी कोण आणतोय ते मला सांग. कंप्रेसर विकत घेऊ नकोस, माझा ने.

“काका, पंपावर भरतात की हवा, तो कशाला?”

“आधी ने. आणि आठवड्याने परत आणून दे.”