कृष्णाकाठची सांगली

नदीकाठच्या नगरांना आपापला स्वभाव असतो आणि तो त्यांना नदीच देते, असे मला वाटते. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाईच्या घाटांवर विसावते, कऱ्हाडला कोयनेला समोरासमोर भेटते आणि संथ पावलांनी सांगलीस येते.

१८०१ साली चिंतामणराव पटवर्धन मिरजेहून निराळे झाले आणि त्यांनी सांगलीला राजधानी केली. नदीजवळ गणपतीचे सुंदर देऊळ उभे राहिले. चिंतामणरावांच्याच आश्रयाने १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. सांगली नाट्यपंढरी ठरली.

मला मात्र अधिक नवल वाटते ते हळदीच्या पेवांचे. जवळच हरिपुरास वारणा कृष्णेला मिळते. तेथे जमिनीत खोल पेवे खणून व्यापारी हळद साठवीत आणि ती वर्षानुवर्षे टिके. नदीकाठच्या मातीनेच नगराचे हे पिवळे धन जपले. पुढे २००५ च्या महापुरात नदीच त्या पेवांत शिरली! २०१९ साली तर १९२९ च्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर चढले. तेथे ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात.

इतके सोसूनही सांगलीकर तिला ‘कृष्णामाई’च म्हणतात. पण मुलांनो, जिला माय म्हणावे, तिच्या वाटेत आपण घरे बांधावीत काय? पावसाळ्यात तिला पसरायला जागा मोकळी ठेवावी, हाच तिचा खरा मान होय.