शाडूचा गणपती आणि कान्हेरीची माती

गेल्या वर्षी मुलगा शाळेतून शाडूचा गणपती घेऊन आला. शाळेत 'पर्यावरणपूरक मूर्ती'ची कार्यशाळा होती. घाटकोपरच्या आमच्या घरात, बाबासाहेबांनी 1956 साली नागपूरला दिलेल्या 22 प्रतिज्ञा भिंतीवर लावल्या आहेत. त्यातली तिसरीच गौरी-गणपतीला देव न मानण्याची. आई म्हणाली, "ते बाहेर ठेव." पोराचा चेहरा उतरला. म्हणाला, "आजी, मीच केलाय ना हा? मग देव कसा असेल?"

मित्रांनो, आपला सगळा युक्तिवाद या प्रश्नात आहे. माती मळतो, मूर्ती घडवतो मूर्तिकार. प्राणप्रतिष्ठेचा मंत्र मात्र पुरोहिताचा. मंत्राआधी माती, मंत्रानंतर देव. घडवणाऱ्या हातांना त्यात अधिकार नाही. आपलं भांडण मातीशी नाही, या अधिकाराशी आहे.

रविवारी मी त्याला बोरिवलीला, कान्हेरीच्या लेण्यांत नेलं. तिथे 19व्या शतकात वेस्ट या इंग्रज अभ्यासकाला वाळलेल्या मातीच्या लहान मुद्रा सापडल्या होत्या, साधारण 10व्या शतकातल्या. त्यांवर बुद्धाची आकृती आणि धम्माचं सूत्र उमटवलेलं होतं. त्याचा आशय असा की, सगळं कारणांतून उपजतं. ती कारणं आणि त्यांचा निरोध तथागतांनी सांगितला. हाच विचार ऐकून सारिपुत्त बुद्धाकडे वळले, असं परंपरा सांगते. मातीवर उमटवलं होतं ते कार्यकारणाचं सूत्र.

पण लगेच छाती फुगवायचं कारण नाही. अशा मुद्राही पुण्य मिळावं म्हणून घडवल्या जात. विचार मातीवर उमटवता उमटवता माणसं विचार विसरतात आणि मातीलाच हात जोडतात. बुद्धमूर्तीपुढे परीक्षेसाठी, नोकरीसाठी नवस बोलणारे आज आपल्यातही आहेत. शेजाऱ्याच्या गणपतीवर बोलण्याआधी आपल्या घरातल्या मूर्तीपुढे आपण काय मागतो, हे तपासायला हवं. मीही तपासतो आहे. मुलाच्या आजारपणात मीही त्या मूर्तीपुढे डोळे मिटून काहीतरी मागितलं होतं.

घरी आल्यावर पोराने गणपती पाण्यात भिजवला, माती पुन्हा मळली आणि सोंड असलेला एक जाडजूड हत्ती केला. आईने तो उचलून त्याच्या वह्या-पुस्तकांशेजारी ठेवला. फुलं मात्र वाहिली नाहीत.

जय भीम!