चिप तुटली पाहिजे

लेथवर साध्या एमएसची, म्हणजे माइल्ड स्टीलची, चिप तुटत नाही. ईएन १ए कण कण होऊन ट्रेमध्ये पडतं, ईएन ८ लाही समजावता येतं. पण आमच्या गावात, लाखांदुरात, माझ्या हाती लागतो तो भंगारातला मऊ एमएसच, आणि त्याची चिप एकदा निघाली की निघतच राहते. जॉबला वेढे घेते, जबड्यांत शिरते आणि चकबरोबर चाबकासारखी फिरते.

नोकरीत असताना याचं काही वाटत नव्हतं. मशीन थांबवायचं, आकड्याने ओढायचं. निवृत्तीनंतर घरामागच्या खोलीत बटाल्याचा जुना साडेचार फुटी लेथ बसवला, वाफेच्या इंजिनांची छोटी मॉडेलं करू लागलो, तेव्हाही आकडा पुरला. मग भाची शिकायला यायला लागली. "मामाजी, काढू का जी?" असं विचारते खरी, पण विचारायच्या आधीच बोटं पुढे गेलेली असतात. तिचा दोष नाही. सोनेरी झाक असलेलं ते वेटोळं फार देखणं असतं, आणि त्याची कड ब्लेडची असते.

तिच्या वडिलांनी काळजीने हातमोजे आणून दिले. मी ते परत पाठवले. उघड्या बोटाला चिपने कापलं तर टाके पडतील. मोज्याचा धागा अडकला तर चक अख्खा हात ओढून नेईल. टर्नरला हे सांगावं लागत नाही, गावात सांगावं लागतं. इथे शेतावरून येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात दुपट्टा असतो. दाराशी मी खुंटी ठोकली आहे. पाहुणा कितीही मोठा असो, दुपट्टा खुंटीवर आणि मग आत. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम २२ मध्ये चालत्या यंत्राजवळच्या कामासाठी अंगाबरोबरचे कपडे आणि कलम ३५ मध्ये डोळ्यांचं रक्षण लिहिलेलं होतं. घरच्या खोलीला तो कायदा लागू नव्हता, पण चक तसाच फिरतो.

स्टार्टरवर माझा विशेष राग-लोभ आहे. आमच्याकडे धानाच्या पंपाला 'ऑटो' लावतात, म्हणजे रात्री लाईन आली की पंप आपोआप सुरू होतो, बांधावर जावं लागत नाही. पंपाला ते सोयीचं. एक जण माझ्या लेथलाही ऑटो बसवून द्यायला निघाला होता! लेथला लागतो तो साधा स्टार्टर, लाईन गेली की पडणारा आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय न उठणारा. लाईन गेली म्हणून कोणी चकमधली चिप काढायला हात घालावा आणि नेमकी तेव्हा लाईन यावी, हा विचार मला झोपेतही छळतो.

चष्मा पॉलिकार्बोनेटचा, बाजू झाकलेला आणि खालच्या भागात वाचायचा नंबर घातलेला हवा. साठीनंतर व्हर्नियरची रेघ दिसावी म्हणून गॉगल कपाळावर चढवणारे मी पुष्कळ पाहिले.

एवढं सगळं झालं तरी चिप लांबच निघते, कारण दुखणं धारेशी आहे. एचएसएस (हायस्पीड स्टील) बिटच्या माथ्यावर, धारेमागे दीड-दोन मिलिमीटर जागा सोडून अर्ध्या मिलिमीटरची पायरी घासायची. चिप त्या पायरीवर आपटून वळते, तुटते आणि इंग्रजी सहा-नऊचे आकडे ट्रेमध्ये पडू लागतात. सांगायला एवढंच. पायरी रुंद झाली तर चिप तिला शिवत नाही. अरुंद झाली तर कोंबते, टूल तापतं, जॉब कुरतडल्यासारखा दिसतो. त्यात चिप जाड असल्याशिवाय तुटत नाही आणि फीड वाढवल्याशिवाय जाड होत नाही. फीड फेऱ्याला ०.१५ मिलिमीटर केलं की तुटते, आणि माझी चकाकी जाते.

इथे माझा अहंकार आडवा येतो. माझ्याइतके अचूक टर्नर कारखान्यात बरेच होते. जॉबमध्ये तोंड दिसावं अशी चकाकी, पॉलिशपेपर न लावता सरळ टूलवरून, ती माझी होती. लोक दुसऱ्या शॉपमधून पाहायला यायचे आणि मला ते हवं असायचं. आजही खोलीत कोणी जाणकार आला की माझा हात आपोआप फीड कमी करतो.

तरुण पोरं म्हणतात, कार्बाईडचा इन्सर्ट घ्या, त्यात चिपब्रेकर तयारच असतो. असतो. पण तो ज्या फीडसाठी आणि ज्या कटासाठी केलेला असतो, तेवढा कट माझ्या एक हॉर्सपॉवरच्या मोटारीला ओढवत नाही. हलक्या कटात चिप त्या खाचेला दाबून लागतच नाही. सीएनसीवर चिपांचा पाऊस पडताना मोबाईलवर बघायचा, इन्सर्टचं पाकीट मागवायचं आणि टूल घासणं विसरायचं, हे मला पटत नाही. टूल घासता न येणारा टर्नर मी अर्धाच मानतो. हायस्पीड स्टीलवाला अमेरिकी इंजिनियर टेलर धातू कापण्यावर २६ वर्षं प्रयोग करत राहिला, आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या पोलादाने निळ्या चिपा उडवून दाखवल्या. माझ्या मशीनवर मात्र निळी चिप म्हणजे धार गेली, सोनेरीपर्यंत ठीक. रंगावरून उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. त्यांना रंग नीट ओळखता येत नव्हते, म्हणून ते चित्रकलेकडून यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले. ज्याच्या डोळ्यांना चिपचा रंग कळत नाही तो माणूस कट कानाने ओळखत असेल का, असं माझ्या मनात येतं, म्हणून भाचीला मी डोळे मिटून कट ऐकायला लावतो, मशीनपासून दूर उभं करून.

सध्या दोन टूलं वापरतो. पायरीचं टूल मोठ्या कटाला, बिनपायरीचं शेवटच्या हलक्या कटाला. पण शेवटच्या कटाची केसासारखी चिपसुद्धा जॉबला गुंडाळतेच. फीडची लिव्हर क्षणभर सोडली तर तुटते, मात्र जॉबवर बारीक कडी उमटते. भाची म्हणते, दिसत नाही. मला दिसते.

तिने परवा एक बिट घासला. पायरी धारेला समांतर न ठेवता तिरपी काढली. चिप तुटली नाही, पण चक सोडून बाहेर ट्रेकडे वळली, आणि चकाकी जागच्या जागी राहिली. कोन तिने मोजला नव्हता. ती म्हणते आठ अंश असेल, मी म्हणतो बारा. नागपूरहून नवे बिट आले की दोन्ही घासून बघणार आहोत. पहिला ती घासेल.